दुसरेपणावर

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता, म्हणून लेकीनं मला वाचनालयात नेलं ते थेट मोठ्या टायपाच्या कपाटाशी. नेब्रास्का राज्यातलं लिंकन हे गाव, जानेवारी महिना, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि दिवसभर घरात मी एकटी. माझं इंग्रजी सरकारी. छत्तीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात काढल्यावर माणसाला अर्ज, हरकत आणि निकाल एवढंच सफाईनं वाचता येतं. अक्षर मोठं, वाक्य लहान आणि शेवट गोड असं काहीतरी मला हवं होतं. तिथं ते फळ्याच्या फळ्या भरून होतं.

सगळ्या मुखपृष्ठांवर साधारण एकच बाई. डोक्याला टोपडं. आपण तान्ह्या बाळाला कुंची बांधतो तसलं काहीतरी तिथल्या पोक्त बायका बांधत. मागे पिवळं गवत, लांब एक लाकडी घर, आणि बाईची नजर आपल्याकडे नाही, आभाळाकडे. पुस्तक कुठलंही उचला, दहाव्या पानापर्यंत कुणीतरी मेलेलं असतं. बहुधा नवरा. बाई पूर्वेकडून आलेली, गाडीला ताडपत्री, बैल थकलेले, परतीला पैसे नाहीत. शेजारी एक बिजवर असतो. त्याची बायको गेलेली, पोर लहान, शेत पडून. मग पाद्री मध्ये पडतो, आणि दोन अडलेली माणसं लग्न करतात. नावापुरतं. तो गोठ्यात झोपणार, ती घरात.

या प्रकाराला तिकडे ‘इन्स्पिरेशनल हिस्टॉरिकल रोमान्स’ म्हणतात. आपल्याकडे ‘प्रेरणादायी’ म्हटलं की स्पर्धा परीक्षेच्या क्लासचे फ्लेक्स आठवतात. तिथं त्या शब्दाचा धंद्यातला अर्थ सरळ आहे : ख्रिस्ती श्रद्धेची. नायक-नायिकेच्या मध्ये तिसरं पात्र देवाचं. शिवी नाही, दारू असलीच तर खलनायकाच्या हातात, आणि चुंबन आलंच तर पुस्तक संपता संपता. १९७९ साली बेथनी हाऊस नावाच्या प्रकाशनानं जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी काढली, तिथून ही वाट मळली असं मानतात. तिच्यातली नायिका गरोदरपणी विधवा होते आणि एका लहान मुलीला आई हवी म्हणून शेजारच्या बिजवराशी लग्न करते. तिला स्वयंपाक येत नसतो. रोज पॅनकेक. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. तो निमूट खातो.

तो निमूट खातो, इथं मी पुस्तक मिटलं. कारण मला माझी आजी आठवली.

आजी ‘दुसरेपणावर दिलेली’ होती. कराडकडच्या बाजूला हा शब्द अगदी सहज वापरतात, जणू पोरगी उसनवारीवर दिली आहे. आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली. मागे दोन पोरं, थोरला पाच वर्षांचा. आजी सतराची. तिच्या बापाला हुंडा परवडत नव्हता, आणि आजोबांना दोन पोरांचं करणारं कुणीतरी हवं होतं. सुगी तोंडावर आली होती म्हणून लग्न घाईनं उरकलं. आजी सांगायची, “हळद फिटली न्हाई तवर खळ्यावर उभी केली मला.” यात तिला तक्रार करायची नसायची. हिशेब सांगितल्यासारखं सांगायची.

त्यामुळे अमेरिकन बायकांना या गोष्टींत जे नवल वाटतं, ते मला वाटेना. ओळख नसताना लग्न, लग्नानंतर संसार, आणि संसार करता करता कधीतरी मन जुळणं. तिकडच्या वाचकाला ही दीडशे वर्षांपूर्वीची अद्भुत गोष्ट आहे. माझ्या आईच्या पिढीपर्यंत आमच्या गल्लीत दर घरी हेच घडलं होतं, फक्त त्याचं पुस्तक कुणी केलं नाही. आणि खरं सांगायचं तर दर घरी मन जुळलंही नाही.

पण पुस्तकं मी वाचत राहिले. सहा महिन्यांत अठ्ठावीस. यातलं बरंचसं लेखन सामान्य आहे, हे आधी कबूल करते. माणसं एकमेकांशी बोलायचं सोडून प्रवचन देतात, आणि खलनायकाला पहिल्या वाक्यापासून मिशा असतात. मला धरून ठेवलं ते कामानं. राखेचं पाणी आणि चरबी उकळून साबण करणं. छपराची ढेकळं गळून जेवणात पडू नयेत म्हणून आढ्याखाली मलमलीचा चांदवा बांधणं. झाड नावाला नाही अशा मुलखात सरपण कुठलं, तर रानगव्यांच्या वाळलेल्या शेणाचं. बाई पदरात, म्हणजे एप्रनच्या ओच्यात, ते गोळा करत हिंडते, आणि लेखिका आपल्याला समजावते की सुरुवातीला तिला किळस आली पण मग सवय झाली. मी हसले. रानशेण्या वेचायला कसली किळस? तिथल्या रानगव्याला ते बायसन म्हणतात. शेणी ती शेणीच.

घरंसुद्धा मातीचीच. गवताच्या मुळ्यांनी घट्ट बांधलेली जमीन नांगरानं पट्ट्यापट्ट्यांत कापायची, तिच्या विटा रचायच्या, की झालं घर. त्याला ‘सॉडी’ म्हणत. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पावसाळ्यात नशीब. नेब्रास्काच्या कस्टर परगण्यात सॉलोमन बुचर नावाचा एक फोटोग्राफर अशा घरांसमोर माणसं उभी करून फोटो काढत फिरला. त्यातला १८८६ चा एक फोटो मी बराच वेळ पाहत बसले होते. ख्रिसमन नावाच्या चौघी बहिणी, सॉडीसमोर, शेजारी खोगीर घातलेले घोडे. नवरा कुणाचाच नाही. मोठ्या बहिणींनी स्वतःच्या नावावर जमिनीचे दावे केले, आणि एकटीनं राहायला नको म्हणून त्या आळीपाळीनं एकमेकींच्या घरी मुक्काम करत.

‘दावे’ हा शब्द आला आणि माझ्यातली कारकून जागी झाली.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर जावयांना म्हटलं, मला तुमच्याकडची मूळ सनद बघायची आहे. ते मला चाळीस मैलांवरच्या बिअट्रिस गावाबाहेर घेऊन गेले. तिथं सरकारी जमीन कसणाऱ्यांना वाटणाऱ्या होमस्टेड कायद्याचं राष्ट्रीय स्मारक आहे. इमारतीचं छप्पर जमिनीत घुसलेल्या नांगरासारखं, आणि वाहनतळ बरोबर एक एकराचा, लोकांना एकर म्हणजे केवढा ते कळावं म्हणून. मला ते सांगायची गरज नव्हती. मी तिथं उभी राहून मनातल्या मनात चाळीस गुंठे पाडले. आपली मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा. अमेरिकेची जमीन ज्या साखळीनं मोजली ती ६६ फुटांची, बरोबर आपल्या दुप्पट. दोन्ही इंग्रजांच्याच घरच्या. त्या साखळीनं त्यांनी अर्ध्या खंडावर बुद्धिबळाचा पट आखला. सहा मैलांचा चौरस, त्यात छत्तीस घरं, प्रत्येक घर ६४० एकरांचं, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. अजूनही तिथले रस्ते या पटाच्या रेघांवरून धावतात. मैलोगणती वळण म्हणून नाही. बांध, नाला, देवराई, भावकी, काही काही आडवं आलं नाही त्यांना. आमच्याकडे एका गटाच्या हद्दी कायम करताना दोन पिढ्या जातात. कागदावर जमीन इतकी सरळ दिसली की समजावं, मोजणारा येण्याआधी तिथं जे होतं ते मोजणीत धरलेलं नाही.

कायदा अध्यक्ष लिंकन यांच्या सहीचा, २० मे १८६२ चा. १ जानेवारी १८६३ पासून अंमल. वयाची एकवीस पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कुणीही १६० एकरांवर अर्ज करावा, पाच वर्षं तिथं राहावं, घर बांधावं, जमीन कसावी, दोन साक्षीदार आणावेत आणि पक्की सनद घ्यावी. सगळी फी मिळून १८ डॉलर. एकशे साठ एकर! आमच्या कमाल जमीन धारणा कायद्यात कोरडवाहूसुद्धा ५४ एकरांवर अडतं. या एका कायद्यानं सुमारे २७ कोटी एकर जमीन लोकांना वाटली, म्हणजे त्या देशाचा दहावा हिस्सा. सुमारे सोळा लाख दावे पक्के झाले. जेवढे अर्ज झाले त्यातले अर्ध्याच्या आसपास लोक पाच वर्षं टिकले. बाकीच्यांना १८७४ ची टोळधाड, दुष्काळ, कर्ज आणि एकटेपणा यांनी परत पाठवलं. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी हवा इतकी छान होती की पोरं पातळ कपड्यांवर शाळेत गेली, आणि दुपारी हिमवादळ आलं. दोनशेच्या वर माणसं गेली, त्यात कितीतरी शाळकरी. कादंबऱ्यांत हे वादळ हमखास येतं, आणि नायक मुलांना दोरीला धरून घरी आणतो.

पहिला अर्जदार डॅनियल फ्रीमन. १ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर लगेच त्यानं कार्यालय उघडायला लावलं, असं सांगतात. त्याच्या प्रकरणाचे कागद बघताना मला घरी आल्यासारखं झालं. पाच वर्षांनी त्याच्या साक्षीदारांनी लिहून दिलंय : १४ बाय २० फुटांचं घर, फळ्यांची जमीन, खिडक्या, तबेला, मेंढ्यांसाठी १०० फूट लांब शेड, सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची सुमारे ४००. अहो, हा तर पीकपेरा! पंचनाम्याची भाषा जगभर एकच असते, कोरडी आणि तरीही वाचताना डोळ्यांपुढे माणूस उभा करणारी. चारशे पीच लावणाऱ्याला तिथून जायचं नव्हतं, हे कुठल्याही प्रेमपत्रापेक्षा त्या ओळीत जास्त दिसतं.

फ्रीमनचं लग्नही या कादंबऱ्यांत शोभावं असं. त्याची पहिली बायको वारली होती. त्याचा भाऊ यादवी युद्धात गेला, आणि त्या भावाशी ठरलेल्या ॲग्नेस सूटर या आयोवातल्या मुलीला डॅनियलनं पत्रं लिहायला सुरुवात केली. मागणीही पत्रातूनच घातली. १८६५ साली लग्न झालं आणि ती या गवताच्या मुलखात आली. इथपर्यंत सगळं ‘प्रेरणादायी’. पुढचा भाग मात्र कुठल्याच टोपडंवाल्या कादंबरीत बसणार नाही. म्हातारपणी या पहिल्या होमस्टेडरनं गावच्या शाळेवर दावा लावला. मास्तरीण वर्गात बायबल वाचते, प्रार्थना घेते, हे सरकारी शाळेत चालायचं नाही, असं त्याचं म्हणणं. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं १९०२ मध्ये बऱ्याच अंशी त्याची बाजू धरली. ती विटांची शाळा अजून तिथं उभी आहे. मी बाहेरून हात लावून आले.

पण मला शोधायचं होतं ते बाईचं नाव. छत्तीस वर्षांची सवय. सातबारा हातात आला की वर्षांनुवर्षं मी आधी खालचा रकाना बघत आले, ‘इतर हक्क’. मुलांची नावं कब्जेदार म्हणून वर, आई आणि बहिणी खाली, बँकेच्या बोजाच्या आणि विहिरीच्या हिश्शाच्या शेजारी. असे किती फेरफार माझ्या अक्षरात आहेत, ते मोजायला नको.

होमस्टेड कायद्यात बाईला जागा होती, आणि १८६२ च्या मानानं ती फार मोठी होती. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, नवऱ्यानं टाकलेली, यातल्या कुणालाही स्वतःच्या नावानं अर्ज करता येई. येत नसे फक्त एकीला, जिचा नवरा धडधाकट आणि घरात होता तिला. कारण कुटुंबप्रमुख तो. आता हे त्या कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवून पाहा. कादंबरीत लग्न हा शेवट, तिथं सगळं मिळतं. जमीन कार्यालयात लग्न ही अडचण, तिथं गुंता सुरू होतो. आधी अर्ज केलेल्या बाईनं मध्येच लग्न केलं म्हणून तिचा हक्क आपोआप जात नसे. पण नवऱ्याचाही दावा असेल तर? दोघांनी आपापल्या घरात पाच वर्षं राहिल्याचं दाखवायचं, आणि संसार मात्र एक? टेबलापलीकडच्या कारकुनाला हे पटवायचं कसं?

एलिनोर प्रुइट या बाईला नेमका हाच पेच पडला. तिची पत्रं मी मोठ्या टायपात नाही, भिंग लावून वाचली. ती काल्पनिक नाही, पण तिच्यापुढे अठ्ठावीसही नायिका फिक्या. डेन्व्हरमध्ये ती लोकांची धुणी धुवायची, घरकाम करायची. पदरात लहान मुलगी, जेरीन. १९०९ साली वायोमिंगमधल्या बर्न्टफोर्क इथल्या क्लाइड स्टुअर्ट या स्कॉटिश रँचवाल्याकडे घर सांभाळायला म्हणून ती गेली. आल्यावर काही आठवड्यांत तिनं त्याच्या जमिनीला लागूनच स्वतःच्या नावानं दावा केला, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याच्याशी लग्न केलं. घरही त्याच्या घराला जोडूनच बांधलं. डेन्व्हरच्या जुन्या मालकिणीला ती लांबलचक, हसतीखेळती पत्रं लिहायची. त्यात डोंगर आले, शेजारी आले, बर्फातली भटकंती आली. लग्नाचं मात्र बरेच महिने नाव नाही. कळवलं तेव्हा कारण काय दिलं, तर रँचवरच्या कामांचा रेटाच असा होता की आधी लग्न उरकावं लागलं, प्रियाराधन नंतर.

हळद फिटली न्हाई तवर खळ्यावर.

एका पत्रात ती गवत कापणीचं सांगते. माणसं मिळेनात म्हणून स्टुअर्ट मजूर शोधायला परगावी गेला, तेव्हा हिनं यंत्राला घोडे जुंपून स्वतःच कापणी सुरू केली. ही कला तिला आधीपासून येत होती, पण नवरा करू देणार नाही या भीतीनं तिनं ती लपवली होती. दुसऱ्या एका पत्रात तिचं तान्हं मूल गेल्याची हकिगत आहे. पेटी नवऱ्यानं केली, आतून कापड हिनं लावलं, आणि जवळपास पाद्री नव्हता म्हणून अखेरची प्रार्थनाही हिनंच म्हटली. दहा-बारा ओळींत संपवलंय. आमच्या कादंबऱ्यांतल्या देवानं एवढ्यात तीन चमत्कार केले असते.

ही पत्रं ‘अटलांटिक मंथली’त छापून आली, १९१४ मध्ये पुस्तक झालं. गरिबीनं गांजलेल्या बायकांनी शहरात धुणी धुण्यापेक्षा जमिनीचा दावा करावा, कष्ट तेवढेच आणि शेवटी घर स्वतःचं, असं ती त्यात कळकळीनं सांगते. आणि हे जगाला सांगणाऱ्या बाईनं १९१२ मध्येच स्वतःचा दावा सोडून दिला होता. नवरा-बायकोच्या दोन घरांचं गणित कायद्यात बसेना, म्हणून ती जमीन सासूच्या नावे झाली. सासू विधवा, म्हणजे पात्र. हे मी वाचलं आणि मोठ्यानं हसले, लेक स्वयंपाकघरातून धावत आली. कमाल जमिनीचा कायदा आला तेव्हा आमच्याकडेही अशाच रातोरात आत्या, मावश्या आणि देवाघरी गेलेल्या आज्या खातेदार झाल्या होत्या.

अजून एक. ती पत्रांत स्वतःला विधवा म्हणवते. पुढे अभ्यासकांना कळलं की पहिला नवरा मेला नव्हता, घटस्फोट झाला होता. नव्यानं सुरुवात करायची तर सामानात काय घ्यायचं आणि काय मागे टाकायचं, हे तिनं नीट ठरवलेलं होतं. नवऱ्याला तिनं कागदावर मारला. माझा तिच्यावर राग नाही. मरणाला सहानुभूती मिळते, काडीमोडाला प्रश्न विचारतात. तिकडेही आणि इकडेही.

स्मारकात एक भिंत आहे, लोखंडी पत्र्यात कापलेले राज्यांचे नकाशे, आणि प्रत्येकात केवढा भाग या कायद्यानं वाटला गेला तेवढं भोक. मी ती भोकं बघत बसले. वाटली ती जमीन आली कुठून, हा आमच्या कार्यालयात पहिला प्रश्न. बिअट्रिसच्या त्या गवतावर आधी ओटो-मिझुरिया लोक होते. १८५४ च्या करारानं त्यांच्याकडून बहुतेक सगळी जमीन लिहून घेतली, बिग ब्लू नदीकाठी एक तुकडा ठेवला, आणि १८८१ मध्ये तोही सोडायला लावून त्यांना आजच्या ओक्लाहोमात नेलं. ‘नेब्रास्का’ हा शब्द त्यांचाच. सपाट पाणी, प्लॅट नदीचं त्यांच्या भाषेतलं नाव. कब्जा गेला, नाव तेवढं इतर हक्कात राहिलं.

टोपड्याच्या कादंबऱ्यांत हे लोक एक तर टेकडीवर दिसून नाहीसे होतात, नाही तर नायिकेला औषधी मुळी देऊन नाहीसे होतात. नाहीसं होणं नक्की. अलीकडच्या काही पुस्तकांत लेखिका जरा बिचकून लिहितात, एखादी माफीची ओळ येते. पण ती जमीन रिकामी होती असं मानल्याशिवाय ‘नव्यानं सुरुवात’ करायला जागाच उरत नाही, ही या प्रकाराची मूळ अडचण आहे. सुरुवातीला मला वाटलं, गोष्टीकडून एवढी अपेक्षा कशाला. नंतर वाटलं, जी गोष्ट साबण करायची कृती पानभर देते तिला हे एक पान जड जाऊ नये.

आणि हे सगळं वाईट माणसांनी केलं असतं तर सोपं होतं. १८८७ सालचा डॉज कायदा मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटरच्या नावानं ओळखला जातो. आदिवासींचं भलं करायचं, त्यांना घरटी तुकडा देऊन शेतकरी करायचं, असा त्यामागचा भाव. उरलेली जमीन ‘जास्तीची’ ठरवून वसाहतवाल्यांना खुली केली. १३ कोटी ८० लाख एकरांपैकी १९३४ पर्यंत त्यांच्याकडे ४ कोटी ८० लाख उरले. त्याच १८८७ साली, त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, बोस्टनला, धर्मशील आणि सुखवस्तू माणसांनी आणखी एक संस्था काढली, रमाबाई असोसिएशन. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकाभर हिंडून बोलत होत्या. बालविधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे पुरवायचं त्या लोकांनी कबूल केलं. त्यातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथं दाखल झालेली पहिली विधवा गोदूबाई नातू. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत नवरा गेलेला. आणि ११ मार्च १८९३ ला तिनं पुण्यात एका बिजवराशी लग्न केलं. त्याची बायको वारलेली, पदरात रघुनाथ नावाचा मुलगा. ते धोंडो केशव कर्वे. त्यांच्या गावानं, मुरुडनं, त्यांना वाळीत टाकलं.

बोस्टनच्या त्या दयाळू हातांनी एकीकडे माझ्या माणसांना घर दिलं, आणि दुसरीकडे कुणाचं घर काढून घेतलं. माणसं तीच नसतील, पण प्रार्थना तीच होती. मी हे लेकीला सांगायला गेले तर ती म्हणाली, “आई, तू गोष्टीची पुस्तकं वाचत होतीस ना?”

वाचतच होते. अठ्ठाविसावं पुस्तक परत करताना वाचनालयातल्या बाईनं विचारलं, आवडलं का. म्हटलं, आवडलं, शेवटी ती त्याच्यावर प्रेम करायला लागते. ती म्हणाली, हो ना, नेहमीच! आणि तिच्या चेहऱ्यावर इतका खरा आनंद होता की सासूच्या नावच्या दाव्याचं वगैरे मी काढलंच नाही.

परत आल्यावर एकदा गावी गेले. आजीच्या घराचं छप्पर आता स्लॅबचं आहे. जमीन चुलत्यांच्या मुलांत वाटून गेली, आजीचं नाव कोणत्या रकान्यात होतं ते मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. ज्या दोन पोरांसाठी तिला आणली, त्यांतल्या थोरल्यानं तिला शेवटपर्यंत ‘काकी’ म्हटलं, आई कधी नाही, पण पायाची भेग दिसली की स्वतःच्या हातानं कोकम तेल लावायचा.

कॉलेजात असताना मी एकदा आजीला धीटपणे विचारलं होतं, “आजी, आजोबांवर तुझं प्रेम होतं का गं?” ती भाकरी थापत होती. तिला प्रश्न पहिल्यांदा समजलाच नाही. मग समजला तेव्हा थोडी लाजली, थोडी चिडली. म्हणाली, “त्यास्नी वांगं चालायचं न्हाई. अंगाला खाज सुटायची. म्या एकेचाळीस वर्सं वांगं खाल्लं न्हाई.” आणि भाकरी तव्यात टाकली.

आजोबांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी स्वतः परड्यात जाऊन कोवळी काटेरी वांगी तोडून घेऊन आली. शेंगदाण्याचं कूट, कांदा, तिखट घालून भरली, आणि चुलीवर मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजू दिली. आम्ही सगळे गप्प. तिनं पानात घेतलं, पहिला घास खाल्ला, डोळे मिटले. मग थोरल्याला म्हणाली, “जरा सरकीव की ते पातेलं हिकडं,” आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.